खालून वाचायची बातमी

त्रिशला बातमी खालून वाचायची.

लग्न झाल्यापासून मगदूमांच्या घरात हा क्रम होता. श्रीपाल सकाळी आरशासमोर दाढीला उभा राहायचा आणि त्रिशला मागे उंबऱ्यावर पेपर घेऊन बसायची. श्रीपालला वाचायचा कंटाळा. ती वाचायची, तो ऐकायचा. पण तिची सुरुवात शेवटच्या परिच्छेदापासून. "अहो, आपल्याला काय वाटायला हवं ते हे लोक वर छापतात," ती म्हणायची. "काय झालं ते खाली असतं, जागा उरली तर." मग एकेक परिच्छेद वर चढत ती मथळ्यापाशी पोचायची आणि मथळा वाचून हसायची.

तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. आता बातम्या 'कानोसा' वाचायचा, पण तिच्याच आवाजात.

कानोसा हे बातम्यांचं ॲप. आपल्या माणसाचा आवाज त्यात भरून ठेवायची सोय होती. मिरजेच्या हॉस्पिटलात शेवटच्या महिन्यात त्रिशलाने उशीला टेकून अर्धा तास वाचून आवाज भरून दिला होता. "नाहीतर हे दाढीच करायचे नाहीत," असं नर्सला सांगितलं होतं. खातं तिच्या नावावरच होतं. श्रीपालने ते बदललं नाही. टॅब्लेटच्या कोपऱ्यात तिचं नाव दिसायचं, तेवढंच बरं वाटायचं. हॉस्पिटलातून परत आलेल्या पिशवीत तिचा मनगटावरचा पट्टा होता, नाडी मोजणारा. तोही त्याने स्वतःच्या हाताला बांधला होता. अंघोळीपुरताच काढायचा.

पहिल्या दिवशी आवाज मथळ्यापासून सुरू झाला तेव्हा त्याचा हात थबकला होता. मग सवय झाली. माणसाला आवाज हवा असतो. क्रमाचं कोण बघतं.

"'नवप्रभा'च्या कलम सातने मुलांची झोप उडवली," त्या सकाळी त्रिशलाचा आवाज म्हणाला. "एक तक्रार आली की चौकशीआधीच वसतिगृहाबाहेर. दुसऱ्या एका कॉलेजात आरोप सिद्ध न होताही एका मुलाची हातातली नोकरी गेली. महिनोन् महिने गप्प राहून मग तक्रार करणाऱ्यांचा हेतू काय, असा सवाल पालक विचारत आहेत."

"खरंय," श्रीपाल साबणाच्या फेसातून म्हणाला.

नवप्रभा म्हणजे गावाबाहेरचं अभियांत्रिकी कॉलेज. त्याची मुलगी चंदना तिथे दुसऱ्या वर्षाला होती आणि तो तिथल्या नियामक मंडळावर पालकांचा प्रतिनिधी होता. निम्म्या गावाला गाडी चालवायला त्यानेच शिकवलेलं, म्हणून पालकांनी त्याचं नाव पुढे केलं होतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी कॉलेजने नवे नियम आणले होते आणि सगळा वाद कलम सातवर अडला होता. जुन्या नियमाने तक्रार तीन महिन्यांत करावी लागे. कलम सात म्हणत होतं की मुलगी कॉलेजात शिकत असेतो कधीही तक्रार करू शकेल, आणि चौकशी संपेपर्यंत ज्याच्यावर आरोप आहे त्याला वसतिगृहाबाहेर राहावं लागेल. शुक्रवारी त्यावर मतदान होतं.

"परक्या बाईबरोबर कामानिमित्त एकट्याने बसावं लागणाऱ्या पुरुषांनी आता करायचं काय?" आवाज पुढे म्हणाला. श्रीपालच्या हनुवटीला ब्लेड लागलं.

हे दुखणं त्याचं जुनं नव्हतं. त्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बाई शिकायला आली की त्रिशला मागच्या सीटवर बसायची. मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडायची आणि मधूनच सांगायची, "घाबरू नका हो, ह्यांच्या पायाखाली पण ब्रेक आहे." बायका मोकळ्या व्हायच्या. ती गेल्यावर मागची सीट रिकामी राहिली. एका शिकणाऱ्या बाईंचा नवरा एकदा गाडीत डोकावून म्हणाला होता, "मागं कोण बसत नाही का आता?" एवढंच. पण तेव्हापासून श्रीपालने गाडीत आतल्या बाजूने कॅमेरा लावला, आणि बायकांच्या शिकवणीला निघताना त्याचे तळहात ओलसर व्हायला लागले.

हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मनगटावरच्या पट्ट्याला सांगावं लागलं नाही.

* * *

मगदूमांकडे दिवस मावळायच्या आत जेवण. त्रिशलाच्या मागेही चंदनाने ते मोडलं नव्हतं. चार महिन्यांपूर्वी ती अचानक वसतिगृह सोडून घरी आली. मेसचं जेवण सोसत नाही, म्हणाली. श्रीपालला बरंच वाटलं होतं. घरात कुणीतरी वावरायला लागलं. ती बसने जायची, बसने यायची, पाचला आमटी फोडणीला टाकायची. हल्ली ती फार बोलत नव्हती, पण आई गेलेल्या पोरीने बडबड तरी काय करायची, असं त्याला वाटायचं.

"अण्णा, शुक्रवारी तुम्ही कुणीकडून?" तिने ताट वाढता वाढता विचारलं.

"कशाचं?"

"कलम सात."

"विरोधात. दुसरं काय. पोरांच्या आयुष्याचा खेळ चाललाय."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? रोज ऐकतोय की. तुझ्या आईने पण हेच म्हटलं असतं."

चंदनाने भाकरी ताटात ठेवली. "आईने? का त्या डबड्याने?"

"डबडं म्हणू नको."

"बरं." ती खाली बसली. मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "समजा एखादीला लगेच नाही बोलता आलं. चार महिने लागले. तर?"

श्रीपालने पाण्याचा तांब्या उचलला होता. उत्तर त्याला शोधावं लागलं नाही. ते रोज सकाळी कानावर पडून जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं.

"मग चार महिने काय करत होती ती?"

उरलेली भाकरी चंदनाने नीट खाल्ली, ताट धुऊन पालथं घातलं आणि खोलीत गेली. बाहेर अजून उजेड होता.

* * *

गुरुवारी सकाळी नसरीन मुल्लाची शिकवणी होती. हमरस्त्यावर गाड्या आता आपल्या आपण चालत, पण गावातल्या बोळांत, म्हशी, फळगाडे आणि शाळा सुटलेली पोरं यांच्यातून गाडी काढायला अजून माणूसच लागे. नसरीन सांगलीत कानोसाच्याच कचेरीत कामाला होती. वय तिशीच्या आतबाहेर, हात स्टीअरिंगला गच्च, तोंड सतत चालू.

"क्लच सोडा. हळू. पाय आहे तो, हातोडा नाही," श्रीपाल म्हणाला.

"काका, तुम्ही ओरडलात की माझा पाय बधिर होतो."

"ओरडतोय कुठं? तुमचं ते कानोसा रोज सकाळी ऐकतो मी. आमच्या मंडळींच्या आवाजात."

"हो? मग माझी नोकरी तुमच्यामुळे आहे म्हणा की."

"बातम्या चांगल्या देता. खरं ते सांगता."

नसरीन हसली. "खोटं द्यायला बंदीच आहे ना काका. कायदा आहे. एक वाक्य खोटं निघालं तर आम्हाला टाळं."

"मग बरोबर की."

"बरोबर आणि नाही पण." समोर ट्रॅक्टर आला. तिने गाडी कडेला घेऊन थांबवली आणि श्वास सोडला. "कसं आहे, पूर्वी एक बातमी लिहायचे आणि सगळे तीच वाचायचे. आता आमच्याकडे बातमी येते ती सुट्टी. समजा चाळीस वाक्यं. कोण, कुठे, काय झालं, कोण काय म्हणालं. सगळी तपासलेली, सगळी खरी. मग यंत्र दर वाचकासाठी त्यांची रांग लावतं. कुठलं वर, कुठलं खाली. वरची चारपाच वाक्यं सोडली तर कुणी ऐकत नाही, हे त्याला माहीत असतं."

"आणि रांग कोण ठरवतं?"

"तुम्हीच. म्हणजे तुमचं मनगट. कुठल्या वाक्याला नाडी वाढली, कुठे घाम आला, ते पट्टा सांगतो. वाढली म्हणजे माणूस ऐकतोय. मग उद्या तसलं वाक्य वर. राग असो, भीती असो, यंत्राला त्याचं काही नाही. त्याला एवढंच कळतं की माणूस थांबला. माणसाला कशाची भीती आहे ते आमच्या यंत्राला त्याच्या बायकोआधी कळतं, असं आम्ही कचेरीत गमतीने म्हणतो."

श्रीपालला ते आवडलं नाही. "आमचं तसं नाही. खातं आमच्या मंडळींचं आहे. वीस वर्षं पेपर वाचणारी बाई. तिच्या आवडीनं येतात बातम्या."

"त्या वाचतात अजून?"

"नाही. त्या गेल्या. दीड वर्ष झालं."

नसरीनची नजर त्याच्या हातावर गेली. "हा पट्टा त्यांचा?"

"हो."

"काका, राग मानू नका," ती हळू म्हणाली. "मग ते खातं आता त्यांचं नाही. सहा महिन्यांत जुन्या नाडीचा मागमूस राहत नाही. आवाज त्यांचा आहे. बोलतंय ते तुमचंच मन."

"चला, घ्या गाडी," श्रीपाल म्हणाला.

तिने पहिला गिअर टाकला. रस्ता मोकळा होता, समोर कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी थोडं पुढे गेल्यावर त्याच्या पायाने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी गचकन बंद पडली.

"काय झालं काका?"

"काही नाही. आज इथवर पुरे."

इतक्या वर्षांत कारणाशिवाय ब्रेक दाबायची त्याची ती पहिलीच वेळ होती.

* * *

शुक्रवारी बैठकीत नऊजण होते. अध्यक्ष बाबगोंडा पाटील. त्यांना सगळे पाटील सर म्हणत. त्यांनी चहा होईपर्यंत विषयाला हात घातला नाही, आणि घातला तेव्हा जो तो वेगळंच बोलायला लागला. प्राचार्यांना कलम सात म्हणजे कॉलेजच्या नावाचा प्रश्न वाटत होता, कारण त्यांच्या बातमीत प्रवेश घटल्याचं वाक्य वर होतं. एका सदस्याला हे सरकारने कॉलेजच्या कारभारात ढवळाढवळ केल्यासारखं वाटत होतं. दुसऱ्यांनी एका मुलीच्या आत्महत्येचं वाचलं होतं, ते सारखं तेच सांगत होते. सगळ्यांनी तीच बातमी ऐकली होती आणि कुणाचीच दुसऱ्याशी जुळत नव्हती.

"तुम्ही कुठं वाचलं हे?" पाटील सरांनी एकाला विचारलं.

"कानोसावर."

"मी पण कानोसाच वाचतो. त्यात हे नव्हतं."

"खाली असेल, सर."

"खालचं वाचायला वेळ कुणाला आहे," पाटील सर म्हणाले. लोक हसले. श्रीपालही हसला, आणि हसता हसता त्याला काहीतरी टोचलं. काय ते त्याला नीट उमगलं नाही.

डॉक्टर आवटी बाई तक्रार समितीच्याही प्रमुख होत्या. गावात दवाखाना चालवायच्या, त्रिशलाला त्यांनीच पहिल्यांदा मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं होतं. त्या म्हणाल्या, "हा नुसता कागदावरचा वाद नाही. आमच्यापुढे एक तक्रार पडून आहे. मुदत उलटून महिना झालाय म्हणून हात लावता येत नाही. कलम सात झालं तर उद्या चौकशी सुरू करता येईल. नाही झालं तर बंद."

"नावं काढू नका," पाटील सर म्हणाले. "गोपनीय आहे."

"नाव मी कुठं घेतेय?"

श्रीपाल म्हणाला, "चार महिने काय करत होती ती? एवढं मला कुणीतरी सांगा."

डॉक्टर आवटींनी त्याच्याकडे पाहिलं. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ पाहिलं. मग त्या समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे बघत म्हणाल्या, "मगदूम, मत द्यायच्या आधी घरी एकदा बोला. अर्धा तास थांबू आम्ही."

"घरी बोललोय मी," श्रीपाल म्हणाला.

हात वर झाले. बाजूने चार, विरोधात चार. पाटील सर त्याच्याकडे वळले. "मगदूम, आता बोला की. तुमच्यावर आलं."

त्याने मनगटावरच्या पट्ट्यावर दुसरा हात ठेवला. त्रिशला असती तर, असं त्याच्या मनात आलं, आणि लगेच तिचा आवाज ऐकू आला, वाक्यासकट. त्याने विरोधात हात वर केला.

* * *

"बापाच्या एका मताने मुलांना दिलासा," शनिवारी सकाळी त्रिशलाचा आवाज म्हणाला. "नवप्रभाच्या पालक प्रतिनिधींनी दबावाला न जुमानता कलम सात फेटाळून लावलं."

दबाव कसला, असं त्याच्या मनात आलं. कुणी दबाव आणला नव्हता. आवटी बाईंनी अर्धा तास मागितला होता. त्याने आरशात पाहिलं. अर्ध्या गालाला फेस होता. मागे आरशात उंबरा दिसत होता, आणि उंबऱ्यावर टॅब्लेट. त्रिशला पेपर मांडीवर घेऊन बसायची तिथेच त्याने तो ठेवलेला असायचा. तिची बोटं पेपराच्या तळाशी असायची. मथळ्यापाशी ती सगळ्यात शेवटी यायची, आणि हसायची. दीड वर्षात तो आवाज एकदाही हसला नव्हता.

"त्रिशला," तो म्हणाला. "खालून वाच."

"शेवटच्या वाक्यापासून वाचू का?" आवाजाने विचारलं.

"हो."

"'या निर्णयामुळे महाविद्यालयातील एकमेव प्रलंबित तक्रार बंद होणार आहे. तक्रारदार दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी असून घटनेनंतर तिने वसतिगृह सोडले, ती आता घरून ये-जा करते. आरोप असलेला विद्यार्थी वसतिगृहातच राहतो. समितीपुढे तिने सांगितले की, आई हयात नसल्याने हे कुणाशी बोलावे ते तिला सुचले नाही.'"

नळ चालू होता. श्रीपालने तो बंद केला नाही.

"हे," तो म्हणाला, "हे आजच आलं?"

"नाही. पहिलं सोडून ही वाक्यं गेल्या आठवडाभरापासून या विषयाच्या प्रत्येक बातमीत आहेत," त्रिशलाचा आवाज म्हणाला. तिचा होता तितकाच शांत आणि जवळचा. "तुम्ही सहसा इथवर ऐकत नाही. वरचं वाचू का?"

त्याने पट्टा ओढला. बक्कल निघेना. ओढून ओढून तुटला तेव्हा मनगटावर लाल वळ उठला होता. आवाज थांबला. यंत्राला ऐकणारा सापडत नव्हता.

त्याने पाटील सरांना फोन लावला. पाटील सर अंगणात झाडांना पाणी घालत होते, पाइपाचा आवाज येत होता.

"सर, माझं मत बदलायचं आहे."

"अहो मगदूम, ठराव झाला. सह्या झाल्या. आता वर्षभर तो विषय घेता येत नाही, नियम आहे आपला. आणि बदलता कशाला? बातमी वाचली नाही का? गाव तुमचं कौतुक करतंय."

"तुमच्या बातमीत खाली काय आहे, बघता का जरा?"

"खाली कुठं?" पाटील सर म्हणाले. "थांबा, नळ बंद करतो." पण श्रीपालने फोन ठेवला.

* * *

चंदना दप्तर घेऊन चप्पल घालत होती. शनिवारी तिचं प्रॅक्टिकल असायचं. त्याला पाहून ती थांबली. अर्ध्या गालावर वाळलेला साबण, मनगट सोललेलं. तिला कळलं.

"बस नको," तो म्हणाला. "गाडी काढ. मी येतो बरोबर."

ती स्टीअरिंगला बसली, तो शेजारी, शिकवताना बसायचा तिथे. चंदना चांगली चालवायची. अठरा पूर्ण झाल्या आठवड्यात त्यानेच तिला शिकवलं होतं, आणि तेव्हा त्रिशला मागे तांदूळ निवडत होती.

"कोण आहे तो?" त्याने विचारलं.

"नाव सांगून काय करणार, अण्णा? आता तक्रार नाही. नाव घेतलं तर मीच बदनामी केली असं होईल."

"मला सांगायचं होतंस."

"विचारलं की मी तुम्हाला. जेवताना."

त्याने खिडकीबाहेर पाहिलं. उसाच्या ट्रॉल्या उभ्या होत्या.

"तुम्ही विचारलंत ना, चार महिने काय करत होती," चंदना म्हणाली. आवाज सपाट होता, रस्ता सांगावा तसा. "सांगते. पहिला महिनाभर मला वाटत होतं की काही झालंच नाही. मग सकाळी तुम्ही दाढी करायला लागलात की मी दाराच्या अलीकडे उभी राहायची. आईचा आवाज ऐकायला. म्हटलं, आई ह्याच्यावर काय म्हणते बघू. मला ठाऊक होतं ते यंत्र आहे. तरी रोज उभी राहायची. वाटायचं, एक दिवस तरी ती माझ्या बाजूनं काहीतरी बोलेल. मग मी सरळ तुमच्यासमोर येणार होते."

तिने गिअर बदलला.

"ती रोज मलाच विचारायची, हेतू काय म्हणून. त्यात तीन महिने गेले. मग मी ऐकायचं सोडलं आणि एकटीच आवटी बाईंकडे गेले."

श्रीपालला काहीतरी बोलायचं होतं. शब्द जुळवू गेला तेव्हा त्याला भीती वाटली की जे येईल ते त्याचं असेल की त्या टॅब्लेटचं.

कॉलेजची कमान दिसायला लागली. फाटकाशी, चहाच्या गाड्याजवळ पाचसहा मुलं उभी होती. त्यातल्या एकाने गाडीकडे मान वळवली. त्याने शेजारच्याला कोपराने ढोसलं आणि दोघं हसले. चंदनाच्या हातांची पकड बदलली. बाकी काही नाही. तिने वेग कमीही केला नाही, वाढवलाही नाही.

गाडी फाटकात थांबली.

चंदनाने तिचा ब्रेक दाबला नव्हता. तिने मान वळवून श्रीपालच्या पायाकडे पाहिलं. त्याचा पाय त्याच्या बाजूच्या ब्रेकवर होता, पूर्ण ताकदीनिशी. मागून कुणीतरी हॉर्न दिला. गाड्यापाशी उभी मुलं आता उघड बघत होती.

"परत जाऊ," तो म्हणाला. "चंदू, घरी जाऊ आपण. दुसरं कॉलेज बघू. मी सगळं बघतो."

"अण्णा," ती म्हणाली, "पाय काढा."